शेळी शोधायला निघालेली बाई

राजेश्वरीनं कात्रीनं पार्सलची चिकटपट्टी कापली आणि आतल्या चित्रपुस्तकाच्या पाचही प्रती पलंगावर मांडल्या. मुखपृष्ठावर लाल लुगड्यातली एक म्हातारी होती आणि खाली लेखिकेच्या नावाइतक्याच ठळक अक्षरात राजेश्वरीचं नाव. सात रस्त्याजवळच्या ह्या दोन खोल्यांत बसून तिनं टॅबवर ही चित्रं काढली होती. आधी गोष्ट चांगली लांब होती. पण आताची मुलं चित्रंच वाचतात, असं संपादक म्हणाले आणि एका पानावर एकच ओळ उरली. लेखिका त्यावरून रुसल्याचं राजेश्वरीच्या कानावर आलं होतं. तिला थोडं वाईट वाटलं होतं, थोडं बरंही.

सहा वर्षांच्या संस्कृतीनं पुस्तक भराभर चाळलं आणि आईकडे मोबाइल मागितला.

"आण बघू हिकडं," सिद्धम्मा म्हणाली.

राजेश्वरीची आई अक्कलकोटकडच्या खेड्यातली, शाळेची पायरी न चढलेली. लेकीकडे राहायला आल्यापासून पुस्तकांशी तिचा संबंध धूळ पुसण्यापुरता. आज मात्र तिनं नातीला जवळ ओढलं आणि पहिलं पान उघडलं. राजेश्वरी चहा ठेवायला आत गेली.

छापलेली गोष्ट साधी होती. म्हातारीची शेळी हरवते, म्हातारी एसटीनं बाजाराच्या गावी जाते, शेळी सापडते, दोघी घरी येतात.

"ही बाई हाय की, हिनं सकाळीच शेळीचं दावं सोडलं," बाहेरून सिद्धम्माचा आवाज आला.

"का गं अज्जी?"

"शेळी गेली म्हटल्यावर शोधाया जाता येतंय की. न्हायतर घरातनं कोण सोडतंय?"

राजेश्वरीनं गॅस बारीक केला.

सिद्धम्माच्या गोष्टीत बाई एसटीत बसली. वाटेत झाडाखाली शेळी पाला खाताना दिसली, तरी बाईनं तिकडं बघितलं नाही. स्टँडवर लई गाड्या उभ्या होत्या. तिला लांब जायचं होतं, सासरचं कुणी येणार नाही इतकं लांब. पण पाट्या वाचायला येत नव्हत्या.

"मग विचारायचं ना कुणाला तरी."

"विचारलं की माणसं उलटं विचारत्यात. कुणाची तू, एकलीच कुटं चाललीस."

सिद्धम्मानं पान उलटलं. चित्रात म्हातारी स्टँडच्या बाकड्यावर बसली होती आणि कोपऱ्यात शेळी उभी होती. हिची नजर शेळीकडे हवी, असं संपादकांनी दोनदा कळवलं होतं. राजेश्वरीनं दोन्ही वेळा बदलून पाहिलं आणि शेवटी नजर होती तशीच, लांब रस्त्याकडे ठेवली होती.

"दिसभर बसली हितंच. मग दुधानं छाती दुखाया लागली, तवा उठली आन् आली घरला."

"म्हातारीला कसलं दूध?" संस्कृती हसली.

सिद्धम्मा हसली नाही. तिनं चित्रावरून हात फिरवला.

राजेश्वरी कप घेऊन दारात उभी होती. सिद्धम्माचं ती एकुलतं एक मूल. तिनं आईपुढे चहा ठेवला.

"अव्वा, ह्या चित्रात बाळ कुठंय?"

"घरी हाय की, पाळण्यात. ते कसं दिसंल?"

सिद्धम्मानं चहा बशीत ओतला आणि सावकाश प्यायली. राजेश्वरी शेजारी बसली.

"अज्जी, परत सांग. पहिल्यापासून."

बशी बाजूला सारून सिद्धम्मानं पुन्हा पहिलं पान उघडलं.

"एका म्हातारीची शेळी हरवली."

"हरवली नाही, तिनंच सोडली!"

"न्हाय गं, हरवली. हितं लिवलंय की," म्हणत सिद्धम्मानं चित्राखालच्या ओळीवर बोट ठेवलं.

संस्कृतीनं आईकडे पाहिलं. राजेश्वरी वाकली, आईच्या बोटाखालची अक्षरं तिनं वाचली आणि मान डोलावली.