दारात मोठं माणूस दिसलं पाहिजे

अमेरिकेतल्या आमच्या डोंगराळ केस्टर काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, शाळांचा एक नियम आहे. बालवर्गातलं मूल बसमधून उतरवायचं तर घराच्या दारात मोठं माणूस दिसलं पाहिजे. दिसलं नाही तर मूल परत शाळेत. असं तीनदा झालं की बालकल्याण खात्याची बाई घरी येते. नियम चांगलाच आहे, पोरांच्या जिवासाठी केलेला आहे. मी त्याच्याविरुद्ध एक शब्द बोलणार नाही.

गेल्या वर्षी माझी हॅटी बालवर्गात होती. नवरा पाइपलाइनच्या कामावर दुसऱ्या राज्यात, पदरात तान्हा ओवेन. पहिल्यांदा ओवेनला खोकल्याची उबळ आली होती आणि मी न्हाणीघरात गरम पाण्याची वाफ करून त्याला घेऊन बसले होते. दुसऱ्यांदा बस रोजच्यापेक्षा लवकर आली. तिसऱ्यांदा मी दारातच होते. वाळत घातलेल्या गोधडीमागून हाका मारत पायऱ्या उतरले, तोवर बस वळणापलीकडे गेलेली. ड्रायव्हरनं रेडिओवर सांगून टाकलं, "कुणी दिसलं नाही."

तेव्हा शाळेच्या उपमुख्याध्यापिका होत्या मिस व्हर्लीन स्टिडम. आमच्याकडं वयानं मोठ्या बाईला, लग्न झालेलं असलं तरी, मिसच म्हणतात. मी धापा टाकत त्यांच्यापुढे उभी राहिले.

"कॉलेजची पदवी आहे ना गं तुझ्याकडं?" त्या म्हणाल्या. "मग स्वतःच्या दारात उभं राहायला आणखी किती शिकावं लागतं?"

मागे ऑफिसातल्या दोघीजणी खुसखुसल्या.

"मिस व्हर्लीन, मी होते तिथं. हॅटीला विचारा हवं तर."

"पोरं आईचीच री ओढतात, रेना. आणि नियम काही मी केलेला नाही."

माझ्यासमोरच त्यांनी फोन उचलला. शिक्षणाधिकाऱ्यांचा पुतण्या कितीदा परत आला होता आणि तेव्हा हा फोन कसा जागचा हलला नव्हता, हे सगळ्या काउंटीला ठाऊक होतं.

खात्याची बाई आली. तिनं माझा फ्रिज उघडला, दुधाचा वास घेतला, ओवेनचा सदरा वर करून पाठ तपासली. तक्रारीत तथ्य नाही असं सांगून निघून गेली. हॅटी मात्र त्यानंतर कितीतरी दिवस बूट घालूनच झोपायची. घेऊन जायला आले तर अनवाणी जायला नको म्हणून.

उन्हाळ्यात मिस व्हर्लीन निवृत्त झाल्या. मुलगी कॅन्ड्रा दूरच्या इस्पितळात नर्स, त्यामुळे नात अ‍ॅडली त्यांच्याकडेच. अ‍ॅडली यंदा बालवर्गात जाणार, हे मला शाळेत त्यांच्या निरोपाचा केक कापत होते तेव्हाच कळलं. काउंटीला बस ड्रायव्हर कायमचेच कमी. मी ओवेनला सासूबाईंकडे ठेवलं, बस चालवायला शिकले, परवाना काढला.

बस डेपोचा मुख्य होबर्ट. त्याला वाटलं मी शहरातला सोपा रस्ता मागेन.

"लॉरेल फोर्क?" तो म्हणाला. "अगं पोरी, तिथं समोरून लाकडाचा ट्रक आला की देवाचं नाव घ्यायचं आणि डोळे मिटायचे. तो रस्ता कुणी मागून घेत नाही."

"मी मागतेय ना."

त्यानं कॉफीचा कप खाली ठेवला. "व्हर्लीनचं घर त्याच रस्त्यावर आहे, नाही का?"

"असेल."

"रेना..."

"ड्रायव्हर हवाय की नको तुला?"

हवा होता.

मी घाई केली नाही. नियमात बसणार नाही असं काही करायचं नव्हतं. मिस व्हर्लीन दुपारी परसात असतात आणि बसचा आवाज आला की पुढं येतात, हे मी पाहून ठेवलं. बहुतेक वेळा त्या पोचायच्या. एकदा शेंगा तोडत राहिल्या, तेव्हा अ‍ॅडलीला परत नेलं. नंतर एकदा फोनवर बोलत बसल्या, तेव्हाही नेलं. दोन्ही वेळा नियमाइतकी थांबले, वर थोडी जास्तच.

तिसऱ्या वेळी थांबले, वाट पाहिली, बस सुरू केली. आणि आरशात त्या दिसल्या. केसांत रोलर, एका पायात सपात, हात हवेत.

"मॅमॉ!" अ‍ॅडली ओरडली. "माझी मॅमॉ आली!"

हॅटी माझ्याच बसनं यायची. पहिल्या बाकावरून ती म्हणाली, "आई, आजी आहे तिची. थांब ना."

वळणावर बस थांबवायची नाही, असाही एक नियम आहे. मी रेडिओ उचलला. "कुणी दिसलं नाही."

अ‍ॅडली शाळेपर्यंत रडत होती. माझा पाय ब्रेककडे गेला नाही. हॅटी उठून तिच्याजवळ जाऊन बसली. आता ती रोज मागेच बसते.

मिस व्हर्लीन शाळेच्या दारात मला भेटल्या. चेहरा पांढरा पडला होता.

"तू मला पाहिलंस, रेना. आरशातून माझ्या डोळ्यांत पाहिलंस."

"हो," मी हळूच म्हणाले. "आता तुम्ही हे कुणाला तरी पटवून दाखवा."

त्या ऑफिसच्या दाराकडे वळल्या. त्यांच्या जागी बसलेल्या नव्या उपमुख्याध्यापिका फोन लावत होत्या. व्हर्लीनबाईंनीच त्यांना काम शिकवलं होतं.

खात्याची बाई गेली, घर पाहिलं, निघून आली. कॅन्ड्रानं मात्र आईला खूप सुनावलं, असं ऐकलं. पोरीला दुसरीकडे ठेवीन म्हणाली.

थंडी पडू लागली तसा होबर्ट माझ्या बसपाशी आला. "शहरातला रस्ता मोकळा झालाय. पगार तोच, वळणं नाहीत. घे. व्हर्लीन रडली गं माझ्यापाशी. पासष्ट वर्षांची बाई आहे."

"तिला सांग, मला वळणांची सवय झालीय."

"देव बघतोय, पोरी."

"बघू दे. मी दारात उभी होते तेव्हाही बघतच होता."

आता मिस व्हर्लीन बस यायच्या कितीतरी आधी रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून बसतात, अंगाभोवती कांबळं घेऊन. बस दिसली की उठतात, हात वर करतात. मी बस उभी करते. दार लगेच उघडत नाही. अ‍ॅडली पायरीवर दप्तर घेऊन तयार असते.

काल मी खिडकी खाली करून म्हणाले, "हात जरा आणखी वर, मिस व्हर्लीन. उन्हानं नीट दिसत नाही."

त्यांनी दुसराही हात वर केला. आभाळ सकाळपासून भरलेलं होतं.