गाठीशेजारी उगवलेलं मूत्रपिंड

सांगितलं तर कोणाचा विश्वास बसायचा नाही, पण त्या सभागृहात टाळ्या वाजल्या की पोटातल्या गाठी विरघळत. निदान थेंबवाले महाराज तरी तसं छातीठोकपणे सांगत. खुर्च्या पुरेनात म्हणून माणसं भिंतीला टेकली होती, आणि आज महाराजांनी वहिनींच्या नवऱ्यालाच पुढ्यात उभं केलं होतं.

"महिनाभर आमचे थेंब घेतले! यकृतातली गाठ लिंबाएवढी होती, आज बघा, वाटाणा!"

मागच्या दिव्याने पोटाच्या स्कॅनच्या दोन फिल्म उजळल्या. एकीत मोठा डाग, दुसरीत ठिपका. टाळ्यांचा कडकडाट झाला. वहिनींचे हात मांडीवरच राहिले. हल्ली त्यांना रडूही येत नसे, हसूही. हातातला चहा गार झालेला कळत नसे.

"आता इस्पितळातलं ते चाचणीतलं नवं औषध बंद! 'गुण येईलच असं नाही' म्हणतात तिथे. असा कुठे डॉक्टर असतो? आमच्याकडे शंभरातले शंभर बरे!"

नवरा हसला. कितीतरी दिवसांनी. वहिनींना त्याचंही काही वाटलं नाही.

तेवढ्यात वहिनींच्या शेजारी बसलेली त्यांची नणंद उठली. त्याच इस्पितळात, नव्या औषधांच्या चाचण्यांवर ती नर्स होती. भावाने थेंबांची गोष्ट तिला आज सकाळी सांगितली होती.

"महाराज, गाठ आटली, मान्य. पण पहिल्या फिल्ममध्ये मूत्रपिंड नाही, दुसरीत आहे. ते कुठून उगवलं?"

"थेंबांचा प्रताप! तेही टवटवीत झालं!"

"मग आणखी महिनाभर घेतले तर तिसरं फुटेल का हो?"

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. नणंदेने फिल्मकडे बोट दाखवलं.

"उकडलेलं अंडं मधोमध कापलं तर चकती मोठी, टोकाशी कापलं तर छोटी. अंडं तेवढंच! यांनी आधी गाठीचा मध्य दाखवला, आता खालचं टोक, जिथे शेजारी मूत्रपिंड दिसतं. आमच्या इस्पितळात गाठ सगळ्यात रुंद असते तिथेच मोजतात, आणि मोजणाऱ्याला औषध कोणाला दिलंय ते ठाऊक नसतं. गुण न आलेलेही हिशेबात धरतात, गेलेलेही. म्हणून आमची जीभ अशी सैल सुटत नाही. आणि दादा, थेंबांचं उद्या डॉक्टरांना सांग. ओरडणार नाहीत ते. लपवलंस तर मात्र जिवावर बेतेल."

"श्रद्धा नसेल तिथे..." महाराजांनी घाईघाईने दिवा मालवला.

वहिनी उठल्या. त्यांनी दिवा पुन्हा लावला.

"आजच्या तपासणीची सगळी चित्रं लावा. मधलंसुद्धा."

"मधलं? ते... नीट आलेलं नाही."

नवऱ्याचं हसू मावळलं. वहिनींनी त्याच्या हातातली थेंबांची बाटली काढून टेबलावर ठेवली आणि लोकांकडे वळून सपाट आवाजात म्हणाल्या, "जो सगळं दाखवत नाही, त्याच्या हाती आपलं माणूस देऊ नका. विचारा. न लाजता विचारा."

पहिल्या रांगेतले एक आजोबा काठी टेकत उभे राहिले.

"खोटं बोलताय महाराज. मागच्या आठवड्यात माझंही मधलंच नीट आलं नव्हतं."