सप्टेंबरचा देव

आजोबांनी खिडकी लावून घेतली, फोन हातभर लांब धरला आणि पडद्यावर नातीचं कपाळ तेवढं दिसत असतानाच विचारलं,

“कुठवर आलो होतो आपण?”

“ऑगस्ट झाला. सम्राट ऑगस्टस. आता सप्टेंबरचा देव.”

हे सगळं शाळेच्या प्रकल्पातून सुरू झालं होतं. महिन्यांना नावं कशी पडली, असं नातीने विचारलं आणि जन्मभर इतिहास शिकवलेल्या आजोबांनी धोरणीपणाने दर रविवारी एकच महिना द्यायचं ठरवलं. तोवर मुलाचा फोन कधीमधी यायचा, तोही गाडी चालवताना. आता रविवार भरला. जानेवारीला दोन तोंडांचा, दारांचा देव जेनस आला. फेब्रुवारीच्या शुद्धीकरणावर नात म्हणाली होती, “म्हणजे आईची साफसफाई.” मार्स, माया, ज्यूनो सगळे वेळेला धावून आले. एप्रिलच्या नावावर विद्वानांचं एकमत नाही, म्हणून तो दोन रविवार पुरला.

सप्टेंबरपाशी मात्र देव संपले. रोमनांचं जुनं वर्ष मार्चपासून सुरू होई. सप्टेंबर म्हणजे नुसता सातवा, आणि पुढचे आठवा, नववा, दहावा. चारही एका वाक्यात उरकणारे. आठवडाभर पुस्तकं चाळून काही हाती लागलं नव्हतं. वर्गात सालाची चूक झाली, तर दुसऱ्या दिवशी फळ्यावर ती आपल्या हाताने दुरुस्त करणारा हा माणूस.

“आजोबा? आवाज गेला का?”

“नाही, आहे मी.” त्यांनी घसा खाकरला. “सप्टेंबरचा देव तसा फारसा कुणाला माहीत नाही.”

“काय करायचा तो?”

“उन्हाळा संपला की माणसं कामासाठी लांब जायची. मागे उरलेल्या घरांकडे तो बघायचा. संध्याकाळी दिवा लावायचा.”

“दिसायला कसा होता?”

“टक्कल होतं.”

“तुमच्यासारखं?”

“जरा कमी.”

नात हसली नाही, नीट ऐकत राहिली. तिच्या मागून मुलाचा आवाज आला.

“अगं, तो प्रकल्प कधीच दिलास ना शाळेत? बाईंनी छापील माहितीही वाटली होती की, बाराही महिन्यांची.”

“बाबा, तुम्ही जा ना तिकडे.”

दार लोटल्याचा आवाज झाला. आजोबांचा हात हळूहळू खाली आला, आणि नातीला बराच वेळ खोलीचं नुसतं छत दिसत राहिलं.

“आजोबा,” ती म्हणाली, “पुढच्या रविवारी ऑक्टोबर. आणि त्या देवाला एक बहीण असू दे हं.”

त्यांनी फोन पुन्हा तोंडासमोर धरला.

“बघतो,” ते म्हणाले, “आहे का.”