बुडाशी दुधाळ कडं

सकाळपासून चौथ्यांदा मी तीच बाटली दिव्यासमोर धरली. उसाच्या कोंबाच्या बुडाशी, जेलीत, दुधाळ कडं होतंच. कालपेक्षा मोठं. म्हणजे जंतू. शेजारच्या बाटलीतही तेच.

ही उसाची जात सासऱ्यांनी उमेदीची सगळी वर्षं घालून काढलेली. शेतातला ऊस रोगाने गेला, मुळासकट जाळावा लागला. उरलं ते माझ्या प्रयोगशाळेतल्या या फडताळावर. हेही नासलं की संपलं.

बाबा रोज दुपारी यायचे. स्वच्छ हवेच्या कपाटात हात घालून मी कोंब कापायची आणि ते शेजारी स्टूल ओढून कोंबांशीच बोलायचे. "काय गं ठमे, जेवलीस का?" कपाटापुढे तोंड उघडायचं नाही, हा आमचा पहिला नियम. पण सासऱ्यांना कोण सांगणार? आणि खरं सांगू, मला ते आवडायचं.

त्या दिवशी मात्र माझं डोकं सटकलं. "बाबा, तुमच्या तोंडच्या वाफेनेच नासतंय सगळं! बोलून बोलून मारताय तिला!"

ते उठले. स्टूल जागेवर ठेवलं. नंतर आलेच नाहीत. घरीही तोंडाला कुलूप. भाजी अळणी झाली तरी हूं नाही की चूं नाही. आणि हाच माणूस, ज्याला आम्ही म्हणायचो, "बाबा, जरा श्वास तरी घ्या!"

मी चिमटे दोनदोनदा जाळले, स्पिरिट बदललं, सालटं निघेपर्यंत हात धुतले. कडं येतच राहिलं. शेवटी जंतूंचं बघणाऱ्या मॅडमना गाठलं. त्यांनी अगदी स्वच्छ दिसणारा कोंब चिरून त्याचा रस ताटलीवर पसरला. तिथेही तेच जंतू उगवले.

"अगं, हा घरचा भेदी आहे. शेतातूनच उसाच्या पोटात बसून आलाय. वरून कितीही धू. माणसाच्या तोंडातला नव्हेच हा."

चोर सोडून संन्याशाला फाशी! मला तिथेच रडू फुटलं.

मग जंतू सहसा पोचत नाहीत ते कोंबाचं टाचणीच्या डोक्याएवढं टोक तेवढं ठेवलं, बाकी फेकलं, जेलीत जंतूंवरचं औषध मिसळलं. जास्त झालं की कोंब पिवळे, कमी झालं की जंतू वरचढ. कितीतरी मेले. एका रांगेत मात्र जेली नितळ राहिली. पुन्हा रस तपासला. काही उगवलं नाही.

त्यातली एक बाटली घेऊन मी घरी पळत सुटले. "बाबा, चुकलं माझं. तुमचा काही दोष नव्हता, जंतू उसातच होता. बघा, जगली तुमची ठमी!"

त्यांनी बाटली खिडकीपाशी नेली, बूड निरखलं. डोळे भरले. ओठ हलले, आणि लगेच त्यांनी तोंडावर रुमाल धरला.

"अहो, झाकण घट्ट आहे बाबा. बोला ना तिच्याशी."

त्यांनी नकारार्थी मान हलवली. बाटलीचा हात लांब केला, तोंडापासून जमेल तितका दूर.