लाल फडक्याखालची साल

संत इलियाच्या सणाला, ऐन सकाळी, अख्खं ड्रेनोव्हो गाव ओब्रेनच्या आलुबुखाराच्या बागेत तोंडं वासून उभं होतं. चमत्कार डोळ्यांसमोर होता. चार झाडं उभीच्या उभी वाळली होती, आणि नेमक्या त्याच चार झाडांच्या बुंध्यांना सैतान उतरवणाऱ्या वुकोसाव्हबाबाने बांधलेली लाल फडकी होती.

"बोललो होतो की नाही?" बाबा गरजला. "ज्या झाडात सैतान दिसला त्याला मी फडकं बांधलं. म्हटलं, पुढच्या वर्षीच्या इलियापर्यंत हे मरेल. मेलं का?"

"मेलं!" गाव ओरडलं.

बाबाची पद्धत मोठी सोयीची होती. गेल्या वर्षी वसंतात तो दारोदार फिरला. घरच्यांनी आत मेणबत्ती लावून गुडघे टेकायचे, डोळे गच्च मिटायचे. बाहेर बाबा एकटा झाडांशी बोलणार. बोलणं आटोपलं की दोन-चार बुंध्यांना लोकरीचं लाल फडकं करकचून आवळलेलं असे, वरून चुन्याचा हात. बुंध्यांना चुना तर सगळेच लावतात, त्यात कुणाला काय वावगं वाटणार? ताकीद एकच होती : फडकं सोडलं तर मालकाचं पोर मरेल. जाताना डुकराची एक मांडी आणि राकिया दारूची एक बाटली तेवढी बाबा नेत असे. सैतानाशी कुस्ती खेळायची म्हणजे खुराक हवाच.

"आता तिकडे बघा!" बाबाने कुंपणापलीकडे काठी रोखली. विधवा क्रुनियाची बाग हिरवीगार होती. "गावाची झाडं मरतात आणि हिचं पानसुद्धा पिवळं पडत नाही! मला फाटकातूनच हाकललं हिने. का? अहो, सैतान हिच्याच घरी जेवायला असतो! ही बाग प्रभूला द्या. मी तिथे प्रार्थनाघर बांधतो."

क्रुनिया ओब्रेनची कुमा होती. त्याच्या पोराला बाप्तिस्म्याच्या वेळी तिनेच हातांवर घेतलं होतं. हे नातं गावात सख्ख्या बहिणीपेक्षा वरचं. पण ओब्रेनने आपल्या चार झाडांकडे पाहिलं, तिच्या बागेकडे पाहिलं, आणि मनातल्या मनात बेरीज केली. बेरीज भलतीच सोपी आली. पहिला दगड त्यानेच मारला.

ती आपल्या फाटकाशी उभी होती; दगड तिच्या खांद्याला लागला. मग गावाला कुणाची परवानगी लागली नाही. केसांना धरून तिला फाटकातून ओब्रेनच्या बागेत ओढलं. शेजारच्या मिलोयेने फावड्याचा दांडा घातला, तेव्हा तिचा उजवा हात वाळक्या फांदीसारखा कडकन मोडला. कुणी लाथ घातली, ओठ फाटला. कालपर्यंत तिच्याकडून विरजण नेणाऱ्या बायका तिचं घर पेटवायला भिंतीला गवताच्या पेंढ्या लावू लागल्या.

"थांबा! माणसं आहात की लांडगे?"

शाळेच्या लेपोसावाबाई गर्दीत घुसल्या. एक काठी त्यांच्याही कपाळावर बसली. रक्त भुवईवरून ओघळू लागलं, ते पुसून त्या ओब्रेनच्या वाळक्या झाडाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"ओब्रेन, हा बुंधा फडक्याच्या वर फुगलाय आणि खाली बारीकच राहिलाय. दिसतंय?"

"सैतान आत बसलाय ना, बाई!" बाबा म्हणाला.

"तुम्हाला नाही विचारलं. ओब्रेन, गेल्या वर्षी या चार झाडांची फळं कशी होती?"

ओब्रेन गोंधळला. "मोठी. मधासारखी. तशी कधीच आली नव्हती."

"कापायच्या आधी बोकडाला चारतातच की!" बाबाने टाळी वाजवली. चार जण हसले.

बाईंनी खिशातून चाकू काढला आणि फडक्याखाली घातला. गर्दीतून किंकाळी फुटली. ओब्रेनने फावडं उचललं. "बाई, हात काढा! माझं पोर मरेल!"

"कापू दे तिला, नास्तिक कुठली!" बाबा म्हणाला. "पोर तिचं थोडंच आहे!"

तेवढ्यात जमिनीवरून, फाटक्या ओठांतून आवाज आला. "ओब्रेन, ते पोर माझंही आहे रे. ते मरणार असं मला वाटलं असतं, तर मोडक्या हाताने मीच बाईंना अडवलं नसतं का?"

फावडं हवेत तसंच राहिलं. जिचं डोकं फोडायला गाव निघालं होतं, ती त्याच्या पोराची काळजी करत होती. ओब्रेनने फावडं टाकलं, बाईंच्या हातून चाकू घेतला आणि डोळे उघडे ठेवून फडकं स्वतः कापलं.

खाली साल नव्हतीच. बोटभर रुंदीची पट्टी बुंध्याभोवती गोल कापून काढलेली, वरून माती थापलेली. कडा सरळ, चाकूच्या.

"सैतान दाढी करायला बसला होता वाटतं," क्रुनिया म्हणाली. या वेळी कुणी हसलं नाही.

बाईंनी कापलेल्या जागेवर बोट फिरवलं. "मुळांनी ओढलेलं पाणी लाकडातल्या नळ्यांतून वर जातं. ते चालू राहिलं, म्हणून झाड लगेच वाळलं नाही. पानं जे अन्न तयार करतात, ते सालीच्या आतल्या कोवळ्या थरातून खाली मुळांकडे उतरतं. तो रस्ताच याने कापला. साखर वर अडकली, म्हणून बुंधा फुगला आणि फळं गोड झाली. खाली मुळं वर्षभर उपाशी राहिली, मग मेली. क्रुनियाबाईंनी याला झाडांजवळ फिरकू दिलं नाही, म्हणून त्यांची बाग जगली."

मिलोये धावत आपल्या बागेत गेला आणि बोंबलतच परत आला. "माझ्याही झाडांना तेच आहे! साल कापलीय याने!"

बाबा कुंपणावरून उडी मारत होता. गावाने त्याला पायाला धरून खाली खेचलं. तेच दांडे, तेच दगड. त्याचे दोन दात पडले, आणि कुणीतरी दोर आणला. बाई मध्ये आडव्या उभ्या राहिल्या.

"मघाशी क्रुनियाला मारताना इतकीच खात्री होती तुमची! बांधा आणि पोलिसांकडे द्या. याच्या अंगाला आता जो हात लावेल, त्याचं नाव मी आधी सांगेन."

दोर गळ्याऐवजी मनगटांना बसला.

ओब्रेनने शिडी आणली. क्रुनियाला तिच्यावर निजवून चौघांनी डॉक्टरांच्या वाटेने उचललं. शिडीचं एक टोक धरून ओब्रेन हुंदके देत चालला.

"रडू नकोस, गाढवा," ती कण्हत म्हणाली. "शिडी हलतेय."

तिचा हात जुळला, पण वाकडा. ओब्रेनची झाडं सरपणात गेली, आणि पोर ठणठणीत राहिलं. बाबाचं सारं भांडवल म्हणजे एक चाकू आणि गावाचे मिटलेले डोळे. चाकू त्याने आणला होता, डोळे गावाने फुकट पुरवले. तेव्हा मंडळी, उद्या कुणी तुम्हाला डोळे मिटायला सांगितले, तर निदान एक उघडा ठेवा. आणि दगड उचलायच्या आधी फडकं उचलून बघा.