मांजरं हाकलायला निघालेली तोफ

मी तोफ बोलतेय. पण किल्ल्यावरची नव्हे. त्या तोफा वजनदार, मानाच्या आणि फार अबोल असतात. मी बटाट्याची तोफ. बटाटे फेकते. हसू आलं असेल तर हसून घ्या, मला सवय आहे.

जन्माने मी साधा पाइप. एका प्लंबरच्या घरामागे पत्र्याची शेड आहे. तिथे जुन्या तोट्या, गंजलेले सांधे आणि एक तडा गेलेलं बेसिन यांच्या संगतीत मी पडून होते. कुणाच्या तरी नव्या संडासासाठी मला आणलं होतं. पण त्या घरात फरशी कुठल्या रंगाची घ्यायची यावरून नवरा-बायकोचं बिनसलं आणि काम लांबलं. त्या भांडणाचे माझ्यावर फार उपकार आहेत.

प्लंबरच्या बायकोला सगळी गल्ली वहिनी म्हणते. वहिनी शिवणकाम करतात. पूर्वी फाटक्या पँटींना ठिगळं लावण्यात त्यांचा दिवस जायचा. मग एका हॉटेलाचं काम मिळालं. पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ शिवायचे, धुऊन वाळवायचे, कडक इस्त्री करून द्यायचे. वहिनींना या कामाचा फार अभिमान. कापड हातात घेतलं की त्या आधी पदराला हात पुसतात.

आणि नेमकी मागच्या अंगणात मांजरं. कुणाची म्हणून विचाराल तर कुणाचीच नाहीत. चिखलात पाय बुडवून यायची आणि वाळत घातलेल्या कापडावरून फिरायची. इस्त्री केलेल्या गरम घड्या तर त्यांना अंथरूणच वाटायच्या. त्यांचा म्होरक्या एक कानफाटा बोका. सगळ्यांच्या आधी यायचा, अंगणभर फिरून पाहणी करायचा आणि मग बाकीची यायची, म्हणून त्याचं नाव पडलं मुकादम.

एकदा हॉटेलच्या मॅनेजरने सगळा गठ्ठा परत आणून टाकला. एका पाहुण्याला सुपाच्या वाटीशेजारी मांजराचा केस सापडला होता. पुढचा गठ्ठा स्वच्छ नसेल तर काम दुसरीकडे देईन, एवढंच बोलून तो निघून गेला. वहिनी रडल्या नाहीत. पण त्या दिवशी त्यांच्या मशीनचा आवाज काही धड येत नव्हता. त्या घाबरल्या होत्या.

अशा वेळी पुरुषमाणसं जे करतात तेच प्लंबरने केलं. तो मेव्हण्याला घेऊन शेडमध्ये शिरला. मेव्हणा म्हणजे वहिनींचा धाकटा भाऊ, वायरमन. दिवसभर लोकांचे पंखे दुरुस्त करतो आणि संध्याकाळी बहिणीकडे चहाला येऊन जेवूनच जातो. मांजरांना नुसत्या आवाजानेच पळवायचं असं दोघांचं ठरलं. मला कापलं, घासलं, मागे हवेची टाकी जोडली, झडप बसवली आणि सायकलचा पंप लावला. कल्पना कुणाची यावर दोघांचं अजून एकमत नाही. मेव्हणा म्हणतो कल्पना माझी, दाजींचा फक्त पाइप. प्लंबर म्हणतो, पाइप नसता तर तुझी कल्पना काय तोंडाने फेकली असती?

पहिला बटाटा कच्चा होता. मी असा दणका दिला की माझंच मला कौतुक वाटलं. बटाटा अंगणावरून गेला, भिंतीवरून गेला आणि शेजाऱ्याच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीतून आरपार गेला. मांजरं जागची हलली नाहीत. ती टाकी मग प्लंबरनेच फुकट बदलून दिली, आणि शेजारी शिडी धरून उभा राहून त्याला काम नीट करायला सांगत होता.

वहिनींनी त्याच दिवशी फर्मान काढलं. कच्चा बटाटा बंद. एखाद्या मांजराला लागला तर पाप कुणाच्या माथी? फेकायचाच असेल तर उकडलेला फेका.

आता उकडलेला बटाटा नळीत घातला की चिकटून बसतो. प्लंबर तो प्लंबर. सांधा घट्ट असला की वंगण लावायचं, हे त्याच्या हातात मुरलेलं. पण खायच्या वस्तूला वंगण कसं लावणार, म्हणून त्याने बटाट्याला लोणी चोपडलं.

पुढे काय झालं असेल ते तुमच्या लक्षात आलंच असेल. त्या दोघांच्या आलं नाही. दणका झाला, मांजरं पळाली, बटाट्याचा भुगा अंगणभर पसरला आणि दोघांनी एकमेकांना टाळ्या दिल्या. ते चहाला आत गेले तसा मुकादम परत आला. त्याने एक दगड चाटला. मग दुसरा चाटला. मग तो माझ्यासमोर येऊन बसला आणि माझ्या तोंडाकडे टक लावून पाहू लागला.

हळूहळू पंपाचा आवाज आला की गल्लीतलीच काय, पलीकडच्या बाजारातलीही मांजरं धावत यायला लागली. मी दणका दिला की एकही दचकायचं नाही. उलट पंप मारायला उशीर झाला तर ओरडायची. मेव्हणा म्हणाला, दाजी, आपण तोफ नाही केली, खानावळ काढली.

वहिनींचा संयम सुटला. मॅनेजरने बजावलेला तो गठ्ठा धुऊन तयार होता, मॅनेजर दुपारी यायचा होता आणि भिंतीवर मांजरांची रांग बसली होती. त्या शेडच्या दारात येऊन म्हणाल्या, "आज एका कापडावर जरी पाऊल उमटलं, तर उद्या हा पाइप संडासाच्या कामावर गेला पाहिजे. मला पुन्हा दिसायला नको."

मी हादरले. पाइपाच्या जातीला संडास काही नवा नाही, नाक मुरडायचं कारण नाही. पण एकदा आभाळ पाहिल्यावर भिंतीत चिणून घ्यायचं म्हणजे जीव नकोसा होतो. आणि खरं सांगू? वहिनींचं काम गेलं असतं तर त्याला मीच कारण ठरले असते. ते मला जास्त लागत होतं.

दोघं काठ्या घेऊन अंगणात उभे राहिले. इकडून एक हाकलावं तर तिकडून दोन आत. वहिनी ओलं कापड छातीशी धरून उभ्या होत्या, दोरीवर टाकायची हिंमत होईना. शेवटी मेव्हणा वैतागून म्हणाला, मी जातो कामावर. चाकात हवा कमी होती म्हणून त्याने फाटकाबाहेर स्कूटर लावली आणि माझाच पंप काढून मारायला घेतला. त्याबरोबर भिंतीवरची सगळी रांग उठून फाटकाबाहेर गेली.

वहिनींनी ते पाहिलं. दोघा पुरुषांनीही पाहिलं, पण समजलं फक्त वहिनींना.

"अहो, उचला ती तोफ," त्या म्हणाल्या. "मागच्या मोकळ्या मैदानाच्या पार टोकाला न्या. कापडं वाळेपर्यंत थांबायचं नाही. मी बटाटे उकडते."

आणि मग मी जन्मात बोलले नाही इतकी बोलले. मेव्हणा पंप मारत होता, प्लंबर लोणी चोपडत होता, मैदानभर शेपट्या ताठ झाल्या होत्या. मेव्हण्याचे हात भरून आले. प्लंबर म्हणाला, बहिणीकडे इतकी वर्षं जेवलास, ते आज जिरव. घरातले बटाटे संपले तेव्हा वहिनींनी टाकीवाल्या शेजाऱ्याकडे मागितले. तो बटाटे घेऊन स्वतःच मैदानात आला आणि एकदा झडप मी उघडतो म्हणाला.

मॅनेजर आला. त्याने एकेक टेबलक्लॉथ उजेडात धरून पाहिला. वहिनी पदराला हात पुसत उभ्या होत्या. शेवटची घडी ठेवत तो म्हणाला की असं काम होणार असेल तर वरच्या मजल्यावरचे पडदेही तुम्हीच शिवा. तेवढ्यात दणका झाला. हे काय म्हणून तो मैदानात आला, मला पाहिलं, मांजरं पाहिली आणि सगळा प्रकार ऐकून घेतला. त्याच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दारीही मांजरांनी उच्छाद मांडला होता म्हणे. थोडे दिवस ही तोफ द्याल का, असं त्याने अगदी आर्जवाने विचारलं.

प्लंबर हो म्हणायच्या बेतात होता. वहिनी पुढे झाल्या. त्यांनी उन्हात तापलेल्या माझ्या नळीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "तोफ मिळणार नाही, ती आमच्या घरची आहे. हवं तर माझ्या भावाला घेऊन जा. पंप चांगला मारतो."

त्या संडासाला दुसरा पाइप गेला. मी मैदानाच्या टोकाला असते. वहिनींनी उरलेल्या पांढऱ्या कापडाची मला खोळ शिवून दिली आहे. दुपारी मुकादम तिच्यावर पसरून झोपतो. वहिनी येतात, त्याला बाजूला करत नाहीत, खोळीवरचे केस तेवढे झटकतात.

कधी आमच्या बाजूला आलात आणि दणका ऐकू आला तर घाबरू नका. जमलं तर डोक्यावर काहीतरी घ्या, आणि येताना चार बटाटे घेऊन या. लोणी आमच्याकडे आहे.