बाराच्या भाकरीचा व्हिडिओ

सुधारानीने यूट्यूबचा निर्णय घाईत घेतला, असं कुणालाही म्हणता आलं नसतं. ती रसायनशास्त्राची पदवीधर होती, लग्नाआधी मुडबीहून रोज बसने बसवकल्याणला जाऊन शाळेत विज्ञान शिकवत होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं तसंच ठेवायचं, म्हणजे फरक कशाने पडला ते कळतं, हे तिने मुलांना इतक्यांदा सांगितलं होतं की तिच्या स्वतःच्या अंगात ते मुरलं होतं.

गाणगापुरात देवळाकडे जाणाऱ्या गल्लीत तिच्या नवऱ्याचं, रेवणसिद्धचं, कडक भाकरी आणि शेंगाचटणीचं दुकान होतं. दुकानामागे घर. भाकरी सासूबाईंच्या हातची. त्यांना घरात सगळे अत्ती म्हणत, गल्ली यल्लम्मा म्हणे. तीळ लावलेली, कागदासारखी पातळ, महिनाभर टिकणारी ती भाकरी गुरुवारी आणि पौर्णिमेला हातोहात जाई. बाकीचे दिवस रेवणसिद्ध दुकानात बसून पंख्याकडे बघायचा. यात्रेकरू महाराष्ट्रातले, आले तसे निघून जाणारे. ते घरी पोचल्यावरही त्यांना भाकरी आठवायला हवी, असं सुधारानीच्या मनाने घेतलं.

तिने भाकरी थापण्याचे व्हिडिओ तीन ठिकाणी टाकले. महिनाभर रोज एक, तिन्हीकडे तोच, एकाच वेळी. व्हॉट्सअॅपच्या स्टेटसला ओळखीचीच माणसं येत आणि परत भाकरी मागवत, पण ते वर्तुळ वाढत नव्हतं. इन्स्टाग्रामवर कलबुर्गीची कॉलेजातली पोरंपोरी भराभर लाल बदाम देऊन पुढे सरकत. त्यातल्या एकानेही भाकरी मागवली नाही. यूट्यूबवर बघणारे कमी होते, पण ते गाणगापूर हे नाव शोधत येत. नाशिकचे, नगरचे, पुण्याचे, कधी न पाहिलेले लोक पत्ता पाठवून भाकरी घरी मिळेल का विचारत. उत्तर स्वच्छ होतं. तिने बाकीचं बंद केलं आणि यूट्यूब धरलं.

फक्त एक अडचण होती. भाकरी थापणारे हात बघणारे दोनतीनशेच्या पुढे जात नव्हते.

आणि घरात रोज बारा वाजता एक वेगळीच गोष्ट घडत होती.

दुपारी दत्तमहाराज कुठल्याही रूपात भिक्षेला येतात, अशी गावाची श्रद्धा. त्यामुळे बारा वाजता दारात आलेल्याला कुणी परत पाठवत नाही. मधुकरी मागणारे सगळे गरीब नसतात. चांगल्या घरची माणसंही नेम म्हणून खांद्याला झोळी लावतात आणि पाच घरं मागून आणलेलंच खातात. अत्ती बसवण्णांना मानणाऱ्या घरातल्या, त्यांच्यासाठी हा दासोह, म्हणजे आल्यागेल्याला जेवू घालण्याची सेवा, होता. पण गल्लीची रीत त्यांनीही पाळली होती. वाढताना बघायचं ते झोळीकडे. तोंडाकडे बघायचं नाही, नाव-गाव विचारायचं नाही. चाळीस वर्षांत अत्तींनी किती जणांना वाढलं असेल, पण त्यातलं एक माणूस बाजारात समोर आलं असतं तर त्यांनी ओळखलं नसतं.

एक दिवस सुधारानी फोन घेऊन त्यांच्यामागे उभी राहिली.

“कामून काढायलीस ग ते?” अत्तींनी मागे न बघता विचारलं.

“भाकरीचं काढते, अत्ती. भाकरी आणि तुमचा हात.”

“हातापुरतंच काढ.”

तिने हो म्हटलं, आणि त्या दिवशी हातापुरतंच काढलं. दुसऱ्या दिवशी फोन थोडा वर गेला. दारात एक वयस्क बाई होत्या. पांढरं सुती पातळ, जाड चष्मा. त्यांनी भाकरी दोन्ही हातांत घेतली, कपाळाला लावली आणि मग झोळीत ठेवली. अत्तींनी कधीच न पाहिलेला तो चेहरा फोनने अगदी नीट पाहिला.

कुठला टाकायचा हे ठरवायला रात्रीपर्यंत थांबायचीही गरज नव्हती. दुपारीच तिने दोन्ही तुकडे शेजारी ठेवून पाहिले. हातांचा तुकडा पोकळ वाटत होता. दुसरा तिने स्वतःच पुन्हा पुन्हा पाहिला. तिने दुसरा टाकला. खाली दुकानाचं नाव आणि फोन नंबर.

संध्याकाळपर्यंत तो चार हजार लोकांनी पाहिला, सकाळी चाळीस हजारांनी. रेवणसिद्धचा फोन वाजायचा थांबेना. खोकी कमी पडली म्हणून तो अफजलपूरला जाऊन खोकी घेऊन आला. बायको शिकलेली करावी ती यासाठी, असं तो गल्लीत चारजणांना ऐकू जाईल असं बोलला, आणि शेजारचे वीरण्णा म्हणाले की मग आता अत्तींनाही पगार चालू कर.

त्याच सकाळी सुधारानीने ती कॉमेंट वाचली. “या तर आमच्या इंदिराबाई. सहावीला गणित शिकवायच्या. ह्यांच्यावर भीक मागायची वेळ आली? मुलं कुठे आहेत ह्यांची?” त्याखाली तासाभरात शंभर जणांनी त्या न पाहिलेल्या मुलांना शिव्या घातल्या होत्या.

व्हिडिओ काढून टाकायला दोनदा बोट लावावं लागतं. पहिल्यांदा तिने लावलंसुद्धा. नक्की काढायचा का, असं फोनने विचारलं. तिला बघणाऱ्यांच्या आकड्याची चढत जाणारी रेघ दिसली. आता काढला तर रेघ तिथंच तुटेल, पुन्हा अशी चढेल याची खात्री नाही. तिने नको म्हटलं आणि कॉमेंट बंद केल्या. लोकांना लिहिता आलं नाही की बोलणंही थांबेल, असं तिने धरलं. विज्ञान शिकवणाऱ्या बाईने इतकं कच्चं गृहीतक धरायला नको होतं. मग ती स्वतःला म्हणाली, आणखी दोन दिवस.

त्या दोन दिवसांत इंदिराबाई मधुकरीला आल्या नाहीत. ते सुधारानीच्या लक्षात आलं. अत्तींच्या लक्षात यायचं कारणच नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी तिने व्हिडिओ काढून टाकला. दुपारी तीनच्या सुमाराला दुकानासमोर गाडी थांबली. चाळिशीचा एक माणूस उतरला आणि त्याच्यामागून इंदिराबाई. आज झोळी नव्हती. माणसाने आवाज चढवला नाही. तो लातूरहून आला होता, त्यांचा मुलगा. आई इथे मठात राहते, तिथेच जेवते, असं त्याला ठाऊक होतं. मधुकरीचं त्याला भावकीच्या ग्रुपवरून कळलं. सुधारानी म्हणाली की तिने सकाळीच व्हिडिओ काढून टाकला आहे. त्याने फोन पुढे केला. तोच व्हिडिओ, कुणीतरी वर रडकं गाणं घातलेला, दुकानाचं नाव तसंच.

“एकदा विचारायला हवं होतं तुम्ही,” तो म्हणाला.

सुधारानीने माफी मागितली. ती मुलाकडे बघून मागत होती हे कळल्यावर तिने मान वळवली आणि इंदिराबाईंना हात जोडले.

“इथं मला कुणी ओळखत नव्हतं, बाई,” इंदिराबाई हळू म्हणाल्या. “हे गेल्यापासून तेवढंच बरं वाटत होतं. वर्षाचा नेम होता. चारच महिने उरले होते.”

“पुन्हा या. मी कुणाला—”

“आता हा कसा येऊ देईल? आणि मी तरी कशी येऊ?” त्यांनी आत डोकावून पाहिलं. “त्या माउलींना सांगा, भाकरी कधी करपलेली नव्हती.”

अत्ती आत भांडी लावत होत्या. गाडी गेल्यावर त्यांनी सुनेला विचारलं कोण होतं, आणि सुधारानीने सगळं सांगितलं. हात आणि चेहरा, कॉमेंट, ते दोन दिवस. काहीही गाळलं नाही. अत्तींनी तिला एक शब्दही बोल लावला नाही. त्यांनी तो लावावा म्हणून सुधारानी बराच वेळ तिथेच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी बारा वाजले, साडेबारा वाजले. समोरच्या गंगव्वाच्या दारात दोघे येऊन गेले. झोळीवाला एक म्हातारा अर्ध्या गल्लीपर्यंत आला, दुकानाची पाटी वाचली आणि पलीकडून निघून गेला. धर्मशाळेत बातमी पोचली होती. त्या घरात तोंडाचा व्हिडिओ काढतात. अत्ती दोन वाजेपर्यंत ताट घेऊन उंबऱ्यात बसल्या आणि मग स्वतःही न जेवता आडव्या झाल्या. तिसऱ्या दिवशीही तेच. चाळीस वर्षांत बाराची भाकरी घरात उरली नव्हती.

चौथ्या दिवशी त्यांनी भाकऱ्या फडक्यात बांधल्या आणि चपला घातल्या. धर्मशाळेच्या आवारात जाऊन वाढणार होत्या. गुडघे दुखत होते, ऊन मी म्हणत होतं.

“मी घेऊन येते, अत्ती. तुम्ही नुसत्या चला,” सुधारानी म्हणाली.

“तू नगं येऊ.” अत्तींच्या आवाजात राग नव्हता. “तुला बघितलं की उठून जातील ती माणसं.”

त्या भिंतीच्या सावलीने हळूहळू गेल्या. सुधारानी दुकानात आली. नगरची तीन-चार माणसं उभी होती, एका मुलीच्या हातात फोन होता आणि फोनवर रडक्या गाण्याचा तो व्हिडिओ.

“हेच ना ते दुकान?” मुलीने विचारलं. “त्या आजी किती वाजता येतात? आम्ही थांबतो.”

“येत न्हाईत त्या,” सुधारानी म्हणाली. “आता कुणीच येत न्हाई.”

मुलीला वाईट वाटलं. तरी तिने पाटीचा फोटो घेतला आणि कडक भाकरीचे दोन पुडे मागितले. सुधारानीने ते बांधून दिले.